डाव्याने काढलेला उजवा हात

मित्रांनो, मी एक जुना उजवा हात आहे. जुना म्हणजे साठीच्या पुढचा. माझ्या पाठीवर शिरा वर आल्या आहेत. मधल्या बोटावर पेन धरून धरून घट्टा पडला आहे. आणि अलीकडे मी सारखा थरथरत असतो. आत्मवृत्त सांगावं इतकं माझ्या आयुष्यात काही घडलं आहे का, याची मलाच शंका आहे. किल्ल्यावरची तोफ आपली कहाणी सांगते, वडाचं झाड सांगतं, त्यांना शोभतं. मी एका प्राथमिक शिक्षकाचा हात. पण एक गोष्ट मी फार वर्षं दडवून ठेवली आहे आणि आता ती सांगून टाकावी असं वाटतं. ही गोष्ट माझ्या हेव्याची आहे. माझ्या सख्ख्या शेजाऱ्याचा, डाव्या हाताचा, मी आयुष्यभर हेवा केला.

आमच्या मालकांचं नाव रत्नपाल गुरुजी. चोरखमाऱ्याच्या तलावातून जो कालवा निघतो, त्या कालव्याखालच्या एका लहान गावात त्यांचं घर आणि दीड एकर धानाची शेती. घरात भिंतीतल्या फळीवर पुस्तकंच पुस्तकं. माणूस फार लाजरा. चार लोक जमले की हे दाराच्या आड उभे राहणार. तोंडाने जे बोलवत नसे ते सगळं ते माझ्याकडून लिहून घेत. त्यामुळे मी मोठा झालो. नाहीतर माझी काही तेवढी लायकी नव्हती.

ती नव्हती हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. गुरुजी तीन-चार वर्षांचे असताना चुलीतला कोळसा उचलून भिंतीवर रेघा मारायचे, त्या डाव्याने मारलेल्या असत. बैल काढला तर बैल वाटायचा. आंबा उचलायला, चेंडू फेकायला, आईच्या पदराला धरायला आधी तोच पुढे होई. मी नुसता लोंबकळत राही. मग एके दिवशी जेवताना गुरुजींनी भाताचा घास डाव्या हाताने उचलला आणि आईने त्या हातावर चापट मारली. "डाव्या हातानं जेवशीन त पंगतीत कोणी बाजूले बसू देणार नाही," असं ती म्हणाली. मनाने वाईट नव्हती ती. लोकांनी जात पाहून त्या घराला आधीच पुष्कळ पंगतींतून दूर बसवलेलं होतं, तिला पोराला आणखी एक कारण द्यायचं नव्हतं. तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडून डावा हात कमरेशी बांधला. शाळेत त्यांच्या मास्तरांनीही पेन्सिल माझ्याच बोटांत कोंबली. वर्षभर डावा असा बांधलेला राहिला. चिंधी सोडली तेव्हा तो पुढे यायचं विसरला होता.

असा मी पहिला झालो. दुसऱ्याच्या जागेवर बसलेल्याला जी धास्ती असते ती मला कायम होती. म्हणूनच मी फार मेहनत केली. माझं अक्षर असं वळणदार झालं की पंचक्रोशीत नाव झालं. लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला, विहारात बुद्धजयंतीचा फलक लिहायला, शाळेतल्या फळ्यावरचा सुविचार लिहायला मीच. १९९९ साली एक मे रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन आमचा गोंदिया जिल्हा झाला, तेव्हा तर मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शाळा, ग्रामपंचायत, दूध सोसायटी, सगळ्यांच्या पाट्यांवर 'जि. भंडारा' होतं. ते पुसून मी 'जि. गोंदिया' लिहिलं. आठ गावांतल्या पाट्या मी एका उन्हाळ्यात केल्या. लोक शिडीखाली उभे राहून म्हणत, गुरुजींच्या हातात जादू आहे. हातात म्हणजे माझ्यात. डावा तेव्हा रंगाचा डबा धरून असे.

तुम्ही म्हणाल, मग हेवा कसला? मित्रांनो, हेव्याला फार कारण लागत नाही. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ डाव्याच्या मनगटावर बांधलं गेलं. काम मी करायचं आणि दागिना त्याला. मी खडूच्या भुकटीने पांढरा, शाईने निळा, आणि तो कायम स्वच्छ. मी लिहीत असताना तो कागदाच्या कडेवर निवांत पडून राही. मला वाटे, याला काय, नुसतं पडून राहायचं. आणि मनाच्या तळाशी ती चिंधी होतीच. तो परत पुढे आला तर माझं काय?

तो पुढे आला. जिल्हा झाला त्याच वर्षी सप्टेंबरात गोंदियाला शिक्षकांसाठी तीन दिवसांचं चित्रकलेचं प्रशिक्षण झालं. शिकवायला चंदा मॅडम होत्या. गोंदिया शहरातल्या, त्यामुळे बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आपलेच दोन्ही हात काढा. आधी नेहमीच्या हाताने दुसरा हात काढायचा, मग पेन्सिल दुसऱ्या हातात घेऊन नेहमीचा हात काढायचा.

मी डाव्याला काढलं. पाच मिनिटांत काढलं. पाच बोटं, पाच नखं, प्रत्येक नखावर चंद्रकोर. 'हात स्वच्छ धुवा' अशा पाटीवर असतो तसा सुबक हात. खरं सांगतो, मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. हात कसा काढतात ते मला पाठ होतं.

मग पेन्सिल डाव्याकडे गेली. मला टेबलावर ठेवण्यात आलं. चिंधीच्या दिवसांनंतर पहिल्यांदा मी नुसता पडून होतो आणि तो काम करत होता. तो फार हळू काढत होता. रेघ वाकडी जाई, थांबे, माझ्याकडे पाही असं वाटे, आणि पुन्हा निघे. अर्धा तास लागला. मला मुंग्या आल्या. चित्र पाहिलं तेव्हा माझा संताप झाला. त्याने माझा घट्टा काढला होता. करंगळीचं वाकलेलं पेर काढलं होतं, नखात अडकलेला रंग काढला होता. सगळ्या खोडी उघड्यावर. मला वाटलं, इतक्या वर्षांचा सूड घेतला यानं.

चंदा मॅडमनी दोन्ही कागद हातात घेतले. माझा टेबलावर ठेवला आणि त्याचा भिंतीवर लावला. "गुरुजी, ये हाथ तो बोल रहा है," त्या म्हणाल्या. "तुमचा उजवा हात शिकलेला आहे. डावा बघतो."

गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी मान खाली घातली, पण मला त्यांच्या मनगटातली नाडी लागत होती, ती नाचत होती. जाताना मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की जानेवारीत गोंदियाला शिक्षकांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे, डाव्या हाताने काढलेली अशी दहा चित्रं पाठवा, भिंतीचा एक तुकडा तुमच्यासाठी राखून ठेवते. गुरुजींनी आतापर्यंत दुसऱ्यांच्या पाट्या लिहिल्या होत्या. स्वतःचं म्हणून कुठे काही लावायला त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी एक नवी चित्रकलेची वही आणली. दर रविवारी दुपारी ओसरीवर बसून एक पान. मी समोर ठेवलेला आणि डावा काढतो आहे. कधी माझी मूठ, कधी तांब्या धरलेला मी, कधी नुसता पालथा. आणि सगळ्यात मोठा अपमान सांगू का? त्याच्यासाठी पेन्सिलला टोक मी करायचो. ज्या पेन्सिलीवर पस्तीस वर्षं माझा हक्क होता, तिला मी ब्लेडने तासून टोक काढायचं आणि मग निमूट त्याच्या बोटांत द्यायची. मी मुद्दाम शिसं मोडत असे. गुरुजी पुन्हा तासायला लावत.

त्यांची पत्नी अंजनाबाई तांदूळ निवडत बाजूला बसत. एकदा त्या म्हणाल्या, "काऊन जी, तुमी त हसून राहिले." गुरुजी खरंच हसत होते. फळ्यावर माझं अक्षर कितीही सुंदर उतरलं तरी ते असे कधी हसले नव्हते. ते पाहून मला जे वाटलं ते मी इथे सांगणार नाही. मुलांसाठीच्या लिखाणात ते शोभणार नाही.

दिवाळीपर्यंत आठ पानं झाली. दोन उरली. आणि धान कापणीला आला.

मित्रांनो, तुमच्यातल्या ज्यांच्या घरी धान आहे त्यांना माहीत असेल, कापणी दोन हातांची असते. डावा धानाचे बुडखे मुठीत धरतो, उजवा विळ्याने ओढून कापतो. उभ्या धानाला अंगठा वर ठेवून मूठ धरतात, म्हणजे विळा खालून निघून जातो. पण त्या वर्षी वाऱ्याने आमच्या बांधीतला, म्हणजे बांध घातलेल्या तुकड्यातला, धान लोळला होता. लोळलेला धान उचलून घ्यावा लागतो, अंगठा खाली जातो आणि बोटं विळ्याच्या वाटेत येतात. अशा वेळी विळा हलका चालवायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मजूर बायांच्या ओळीत गुरुजी सुट्टीचे म्हणून उतरले होते. त्यांची ओळ मागे राहिली होती. पुढून मंदाबाई ओरडली, "गुरुजी, खडू नाही जी तो, विळा आहे. जरा जोर लावा." सगळ्या बाया हसल्या. गुरुजी लाजले आणि वाकले. डाव्याने लोळलेला धान उचलून धरला, अंगठा खाली.

आणि मी विळा जोरात ओढला.

लोक म्हणाले, घाई झाली. गुरुजी म्हणाले, मंदाबाईच्या बोलण्याने गडबडलो. मंदाबाईने स्वतःला दोष दिला आणि आठ दिवस ती रोज येऊन जात होती. मला कोणीच विचारलं नाही. मित्रांनो, मी आजही स्वतःला विचारतो, ती घाई होती का? त्या क्षणी माझ्या मनात धान होता की उरलेली दोन पानं होती? मला खात्रीने सांगता येत नाही. विळा लागण्याआधी तो लागणार हे मला कळलं होतं आणि मी थांबलो नाही, एवढंच सांगता येतं.

डाव्याची तर्जनी मुळाशी खोल चिरली गेली. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसवून बायांनी हळद दाबली, पदर फाडून बांधला. पुन्हा एकदा चिंधी. दवाखान्यात टाके पडले. जखम भरली, पण आतली शीर तुटली होती. बोट पुन्हा वाकलं नाही. जानेवारी आला आणि गेला. गुरुजींनी चंदा मॅडमना एक कार्ड टाकलं. ते मीच लिहिलं, माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात, की काही कारणाने चित्रं पाठवणं जमणार नाही. वही पेटीत गेली. पेन्सिल माझ्याकडे परत आली.

मी जिंकलो होतो. पुढची काही वर्षं चांगली गेली असं म्हणायला हवं. पाट्या होत्या, पत्रिका होत्या. पण गुरुजी ओसरीवर पुस्तक घेऊन बसत आणि मधेच थांबून त्या ताठ बोटाकडे पाहत. माझ्याकडे पाहत नसत. लोकांची वाहवा होती, तरी मला ती पचत नव्हती.

मग फ्लेक्सचे दिवस आले. तिरोड्याला दुकान निघालं. सकाळी नाव द्या, संध्याकाळी फोटोसकट फलक घ्या. विहाराचा फलकही तिथूनच आला. शाळेची प्रमाणपत्रं संगणकावर निघू लागली. दूध सोसायटीची पाटी पावसाने उडाली, कोणी परत लिहून मागितली नाही. मी ज्या यंत्राला कधी पाहिलं नाही त्याचाही हेवा केला.

त्यानंतर कंप सुरू झाला. पहिल्यांदा चहाची बशी वाजली. मग खडू मोडू लागला. एकदा पहिलीच्या वर्गात मी फळ्यावर 'क' काढला. त्याच्या गोल पोटाला लाट आली. गुरुजींच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना दिसलं, बावीसच्या बावीस मुलांनी 'क'च्या पोटाला तशीच लाट काढली होती. नीट, जीव लावून काढली होती. गुरुजींनी लिहिलं आहे म्हणजे तसंच असणार. गुरुजी बराच वेळ त्या वह्या पुढ्यात घेऊन बसले. त्यानंतर फळ्यावर दुसरे शिक्षक लिहू लागले. २०१६ साली निवृत्तीच्या दिवशी हजेरीपटावर मी शेवटची सही केली, ती सही आहे हे सांगावं लागलं.

त्या पावसाळ्यात एकदा ऊन पडलं तेव्हा अंजनाबाईंनी पेटी उन्हात ठेवायला काढली आणि तळाशी ती वही सापडली. त्यांनी ती ओसरीवर आणून गुरुजींच्या मांडीवर ठेवली. आठ पानं उलटली. नववं कोरं, दहावं कोरं.

"हे दोन पानं काऊन कोरे ठेवले जी?" त्यांनी विचारलं.

"बोट वाकत नाही ना," गुरुजी म्हणाले.

"एक नाही वाकत. बाकीचे चार त वाकतेत."

गुरुजींनी मला उचलून दाखवलं. "आन हा असा हालून राहिला. काढू कसा?"

अंजनाबाई पेटीकडे परत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "हालून राहिला त हालताच काढा. तुमाले कोन म्हनलं का थांबवा म्हनून?"

पेन्सिल काढली गेली. मी टोक करू शकत नव्हतो, अंजनाबाईंनीच ती विळीवर तासली. डाव्याने ती अंगठा आणि मधल्या बोटात धरली. ताठ तर्जनी वर उभी राहिली. मला समोर ठेवलं. मी थरथरत होतो आणि मनात म्हणत होतो, आता मात्र तुझी पाळी आहे, काढ किती कुरूप काढायचं ते.

त्याने रेघ काढली. मी हललो. त्याने ती पुसली नाही, तिच्या बाजूला दुसरी काढली. मी पुन्हा हललो, त्याने तिसरी काढली. दुपार सरली तेव्हा कागदावर एक हात होता, ज्याची कड एक नव्हती, पाच-सहा होत्या, एकमेकींत मिसळलेल्या. तलावात दगड पडल्यावर काठाचं प्रतिबिंब दिसतं तसा. तो मी होतो. आरशातही मी इतका मी नव्हतो. मग मला ती जुनी आठ पानं आठवली. घट्टा, वाकलेलं पेर, नखातला रंग. तो सूड नव्हता, मित्रांनो. त्याने मला पाहिलं होतं. तोपर्यंत मला कोणीच पाहिलं नव्हतं. लोकांनी माझं अक्षर पाहिलं होतं.

दहावं पान मी मागितलं. हात कसा मागतो ते मला सांगता येणार नाही, पण गुरुजींनी पेन्सिल माझ्याकडे दिली. डावा वहीच्या कडेवर येऊन पडला, नेहमीसारखा, आणि मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तेव्हा मला दिसलं की तो नुसता पडलेला नाही. तो वही धरून आहे. मी आयुष्यभर जे जे लिहिलं त्या प्रत्येक कागदाला त्याने सरकू दिलं नव्हतं. शिडीवर डबा त्याने धरला होता. धानही त्यानेच धरला होता, माझ्या विळ्यासाठी.

मला तीन दिवस लागले. नखांवर चंद्रकोरी काढल्या नाहीत, कारण त्या तिथे नव्हत्याच. सगळ्यात शेवटी तर्जनीच्या मुळाशी असलेली ती जखमेची खूण काढली. ती रेघ मला दहा वेळा हुकली. अकराव्यांदा जिथे हवी तिथे बसली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादं पोर डाव्या हाताने पेन्सिल उचलत असेल तर उचलू द्या, त्याच्या हाताला चिंधी बांधू नका. आणि कधी वेळ मिळाला तर स्वतःचे दोन्ही हात काढून पाहा. पहिल्या हाताने दुसरा आणि मग दुसऱ्या हाताने पहिला. चित्र चांगलं येणार नाही. पण जो रोज जवळ असतो त्याला आपण किती पाहिलं नाही, हे कळेल. मला ते कळायला जवळजवळ साठ वर्षं लागली, आणि त्यात एका बोटाची किंमत दुसऱ्याने भरली.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. मी आता लिहू शकत नाही. हे सगळं मी सांगितलं आणि त्या डाव्याने लिहिलं. 'मी विळा जोरात ओढला' हे वाक्य आलं तेव्हा तो थांबला होता. मला वाटलं, आता हा उठून जाईल. थोड्या वेळाने त्याने ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेला.

घड्याळ मात्र अजून त्याच्याच मनगटावर आहे. ते मला आजही खुपतं.